कोरडा गेलेला बोर

अण्णा कुणाच्या रानात पाणी बघायला गेले की तिथं बोरला पाणी लागेपर्यंत त्या घरचं घोटभरही पाणी पीत नसत. तळहातावर आडवा नारळ घेऊन उन्हात रान तुडवायचे. नारळ उभा राहिला की तिथं दगड ठेवायचे आणि निमूट घरी यायचे. तलवाड्याकडच्या गावांत पाणाड्या म्हणून त्यांचंच नाव होतं. ते माझे थोरले चुलते. मी इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम. ई. करावं हा हट्टही त्यांचाच. घरात माझ्या लग्नाचं निघालं की म्हणायचे, "तिचं शिकून होऊ द्या, मग बगू."

माझा प्रबंध नेमका त्यांच्याच मुळावर आला: जमिनीत वीज सोडून खालचं पाणी ओळखणारं यंत्र. अण्णांना त्याचं कोण कौतुक! यंत्राच्या सळया जमिनीत ठोकायला स्वतः यायचे.

त्या दुष्काळात गावच्या दूध संस्थेनं बोर घ्यायचं ठरवलं. ऐपत एकाच बोरची. पाणी नाही लागलं तर जनावरं बाजाराला. अण्णांचा नारळ चिंचेपाशी उभा राहिला आणि माझं यंत्र संस्थेच्या जुन्या गोठ्यामागं पाणी दाखवू लागलं. सभासद हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अण्णा मात्र सगळ्यांदेखत म्हणाले, "माजा नारळ लई येळा चुकलाय. तुमाला लागलेलं पाणीच तेवडं ध्यानात हाय. पोरगी म्हणती तितंच घ्या."

त्यांच्या शब्दाखातर तिथंच बोर घेतला. नुसता फुफाटा उडाला. वर्षानुवर्षं जनावरांचं मूत जिरून ती माती खारट झाली होती, त्या खारेपणालाच माझं यंत्र पाणी समजलं. हे मला मागाहून उमगलं. चिंचेपाशी पाणी होतं की नाही, कुणालाच कळलं नाही. गायी बाजाराला गेल्या. बोल मात्र अण्णांना लागले. त्यांना पुन्हा कुणी पाणी बघायला बोलावलं नाही.

मी शिक्षणच सोडायला निघाले होते. मग वाटलं, निदान हा बोर प्रबंधातून गाळावा. बरोबर निघालेल्या जागा पुरेत. अण्णांना तसं म्हणाले.

"गाळू नको, माय," ते म्हणाले. "मी जलमभर चुकलेलं मागं टाकत गेलो. म्हणून ते कावून चुकलं, हे मला कदी कळलंच न्हाई."

मी गाळला नाही. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच प्रकरण उघडलं. स्वतःचं अपयश इतकं स्वच्छ कुणी लिहीत नाही, हे कुणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं. मी चुलत्यांचं नाव सांगितलं. त्यांना एकदा भेटायला हवं, असं ते म्हणाले आणि मला हुंदका आवरेना. अण्णांना जाऊन पंधरवडाही झाला नव्हता.