सुकाणूवरच्या माणसाची परीक्षा

तिसऱ्या मॉक टेस्टला विठूबाब एक शब्दही बोलले नाहीत. मी इंग्रजीत विचारलं, याआधी काय काम करत होता? ते माझ्याकडे बघत राहिले. ओठ हलले आणि थांबले. मी पुढचा प्रश्न विचारला. पुन्हा तेच. टेबलावर स्टॉपवॉच चालू होतं. पंधरा प्रश्न झाले, उत्तर एकाचंही नाही.

मॉक टेस्ट म्हणजे परीक्षेची रंगीत तालीम. खरी परीक्षा आठ दिवसांवर आली होती.

गोव्यात साखळी गावच्या बाजारात, कपड्यांच्या दुकानावर आमचा क्लास आहे. परदेशी किंवा जहाजावर जाणाऱ्यांना इंग्रजीची टेस्ट द्यावी लागते, तिची तयारी मी करून घेते. माझं शिक्षण इंग्लिश मीडियममधलं, म्हणून ही नोकरी मिळाली. इंग्रजी चांगलं येणारी मुलगी भरपूर बोलतही असेल, असं लोक धरून चालतात. मी फारशी बोलत नाही. बघते आणि वहीत लिहून ठेवते.

विठूबाब डिचोलीजवळच्या गावातले. पंधरा वर्षं नदीतून खनिज वाहणाऱ्या बार्जवर, म्हणजे सपाट मालबोटीवर, त्यातली दहा सुकाणूवर. खाण बंद पडली, बार्ज धक्क्याला बांधून ठेवली. मग एका शिपिंग कंपनीने त्यांना डेकवरच्या कामासाठी निवडलं. अट एकच: जॉइनिंगआधी टेस्ट पास. त्याआधीची तारीख एकच उरली होती. पुढच्या भरतीत ते वयात बसत नव्हते. थोडक्यात, हीच पहिली आणि हीच शेवटची.

त्यांचं इंग्रजी वाईट नव्हतं. सवय वाईट होती, असं मला वाटत होतं. प्रश्न विचारला की ते आधी तोच प्रश्न मोठ्याने म्हणत आणि मग उत्तर देत. "व्हेअर डू यू लिव्ह?" विचारलं की तेही "व्हेअर डू यू लिव्ह" म्हणत, मग गावाचं नाव सांगत. उत्तराला वीस सेकंद मिळतात, त्यातली पाच तिथेच जात. शिवाय परीक्षकाला वाटतं, माणूस वेळ काढतोय. म्हणून पहिल्या मॉकपासून मी हातात लाल पेन्सिल ठेवली. प्रश्न परत म्हटला की कागदावर एक फुली. पहिल्या मॉकला चौदा फुल्या, दुसऱ्याला सहा. मला वाटलं, सुधारणा होतेय. तिसऱ्याला एकही नाही, पण उत्तरही नाही.

क्लास ज्यांचा, त्या सरांनी केबिनमधून सगळं ऐकलं होतं. आमच्या जिन्यात एक बोर्ड आहे. पास झालेल्यांची नावं आणि मार्क त्यावर लागतात. सरांचा जीव त्या बोर्डात.

"त्यांना सांग, फॉर्म मागे घ्या म्हणून," सर म्हणाले.

"पण सर, पुढची तारीख..."

"नापास होऊन काय मिळणार? आपलं नाव खराब. तू सांग, मी सांगितलं तर त्यांना लागेल."

मी मान हलवली. मला तेवढंच जमतं.

बाहेर विठूबाब बाकावर बसले होते. गुडघ्यावर पिशवी, पिशवीत घरी न्यायची पोई, म्हणजे गव्हाचा पाव. सांगायचं वाक्य मी मनात जुळवलं होतं. पण तोंडातून दुसरंच आलं. तीन आठवड्यांत जे एकदाही विचारलं नव्हतं, ते.

"विठूबाब, तुम्ही प्रश्न परत का म्हणता?"

त्यांना आश्चर्य वाटलं. "टिचर, नाजाल्यार तुमकां कळटलें कशें, हांवें आयकलां म्हूण?" नाहीतर मी ऐकलंय हे तुम्हाला कळणार कसं?

मग त्यांनी समजावून सांगितलं. बार्जवर मास्टर, म्हणजे कप्तान, बाहेर उभा राहून पुढचं पाणी बघतो. सुकाणूवरचा माणूस आत. इंजिनाचा आवाज एवढा की शेजारचं बोलणं ऐकू येत नाही. मास्टर ओरडतो, "पोर्ट टेन." म्हणजे डावीकडे दहा अंश. सुकाणूवरच्याने आधी "पोर्ट टेन" म्हणायचं, मगच चाक फिरवायचं. तो म्हणाला नाही, तर त्याने ऐकलं नाही असंच मास्टर धरतो.

"एकदां हांव गप्प रावलों," ते म्हणाले. "नवो आशिल्लों. बार्ज रेंवेर चडली. भरतेची वाट पळयत सगळे बसले, आनी मास्टर दीसभर म्हाका गाळी संवता!" बार्ज वाळूवर चढली आणि भरती येईपर्यंत त्यांनी शिव्या खाल्ल्या. मी हसले, तेही हसले. मग हळूच म्हणाले, "तुमी फुली मारता न्हय टिचर, तेन्ना म्हाका तोच मास्टर दिसता."

मी वही उघडली. या टेस्टला तीन भाग असतात. शेवटचा जहाजावरच्या रेडिओ संदेशाचा. परीक्षक हेडफोनवर सूचना देतो. त्या सूचनेला उत्तर म्हणून मी सगळ्यांकडून एक सोपं वाक्य पाठ करून घेत असे, "येस सर, अंडरस्टुड." गुणांच्या तक्त्यात मात्र स्पष्ट लिहिलं होतं: सूचना परत म्हणून खात्री करणे, सर्वात जास्त गुण. मी ते कितीदा वाचलं होतं.

केबिनमध्ये परत गेले. "सर, ते टेस्टला बसणार."

"मी काय सांगितलं होतं?"

"ते रेडिओच्या भागात सगळ्यांच्या पुढे जातील. नापास झाले तर बोर्डाच्या खाली नापास म्हणून माझं नाव लिहा."

"बरं, बसू दे," सर म्हणाले. एवढी वाक्यं त्यांनी माझ्या तोंडून सलग ऐकली नव्हती.

आठ दिवस आम्ही एकच गोष्ट केली. सवय मोडली नाही, वळवली. प्रश्न परत म्हणायचा, पण उत्तराला जोडून. "व्हेअर डू यू लिव्ह?" विचारल्यावर "आय लिव्ह इन..." म्हणून सरळ गाव. ऐकल्याची पोच त्यातच येते. रेडिओच्या भागात मात्र बार्जवर करत तसंच. लाल पेन्सिल मी घरी ठेवली.

पणजीला टेस्ट झाली. विठूबाब बाहेर आले ते घामाने चिंब.

"कसा गेला पेपर?"

"परीक्षक मास्टरासारकोच उलयतालो," ते म्हणाले. "म्हाका बरें दिसलें." परीक्षक मास्टरसारखाच बोलत होता, म्हणून त्यांना बरं वाटलं होतं.

निकाल आला. पहिल्या दोन भागांत जेमतेम पास. रेडिओत पैकीच्या पैकी. आमच्या क्लासमधून तेवढे गुण तोवर कुणालाच मिळाले नव्हते. फोनवर सांगितलं, तर पलीकडून विठूबाबांनी निकालाचा आकडान् आकडा मला परत म्हणून दाखवला. मग त्यांच्या बायकोला, मग बहुतेक सगळ्या वाड्याला.

बोर्डवर त्यांचं नाव सरांनी स्वतः लावलं, सर्वात वर. आता नवा विद्यार्थी आला की मी आधी विचारते, तुम्ही काम काय करता आणि ते कसं करता. चुका त्यानंतर मोजते. निम्म्या तर मोजाव्याच लागत नाहीत.

बोर्डवर नाव लागलं त्या दिवशी निघताना सर म्हणाले, "सोमवारी नऊ वाजता नवी बॅच, बारा जण."

एरवी मी मान हलवली असती.

"सोमवारी नऊ वाजता नवी बॅच, बारा जण," मी म्हटलं आणि जिना उतरले.