फुलसावंगीची मोटार: रस्त्यावरची की विहिरीवरची?

आमच्या घरात कुणी थाप मारली की बाकीचे म्हणतात, "हं, आबांची मोटार!" आबा म्हणजे माझ्या आईचे वडील, गणपतराव. तरुणपणी ते यवतमाळ जिल्ह्यात, कापसाची सरकी काढायचा कारखाना असलेल्या एका जिनमालकाकडे कामाला होते. मालकाची अगदी पहिल्या जमान्यातली मोटार आपण चालवली आणि तिला स्टिअरिंगचं चाक नव्हतं, दांडा होता, असं ते सांगायचे म्हणे. दांडा! माझा मामा ही गोष्ट प्रत्येक लग्नात नक्कल करून सांगतो. गेल्या महिन्यात त्यानं ती माझ्या सासरच्यांसमोर सांगितली आणि आई भरल्या ताटावरून उठली.

जुन्या गाड्यांचा नाद असलेला माझा एक मित्र आहे. त्याला सहज विचारलं, तर तो उडालाच. सुरुवातीच्या काही गाड्यांना खरंच दांडा असायचा म्हणाला, आणि तशी एखादी विदर्भात आली असेल तर तिचा माग काढायलाच हवा. मी आईला सांगितलं. अर्धं आयुष्य पुण्यात काढूनही आई चिडली की वऱ्हाडीत बोलते. "जाय, पाहून ये. खोटं असन तर खोटं सांग मले. पन एकदाचं सांग!"

निघाले. पुण्याहून यवतमाळला स्लीपर बस मिळते. सकाळी उतरल्यावर स्टँडबाहेर तर्री पोहे खा, पण तर्री बाजूला मागा, नाहीतर माझ्यासारखं नाक पुसत बसावं लागेल. तिथून आर्णीला एसटी, बायकांना अर्धं तिकीट. हायवे झकास आहे. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला आणि तूर पिवळ्या फुलांवर आलेली. डिसेंबरात जा, उन्हाळ्यात जायचं धाडस करू नका.

आबांचं गाव आर्णीजवळ, म्हणून सुरुवात तिथूनच. चहाच्या टपरीवर विचारलं, "इकडे कुणाकडे खूप जुनी मोटार आहे का हो?"

चहावाल्यानं गंभीरपणे विचारलं, "कितीची? तीनची का पाचची?"

"म्हणजे?"

"एचपी हो ताई! विहिरीवरची का बोअरची?"

बाकावरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. इकडे मोटार म्हणजे पाण्याचा पंप, हे मला कुणी सांगायचं? मी गाडी, गाडी म्हणून हातवारे केले, तर एकानं त्याची दुचाकी दाखवली. शेवटी कुणीतरी म्हणालं, "फुलसावंगीले जा. शामरावकडं हाये लय जुनी मोटार, त्याच्या आज्याच्या टायमाची." चालणारी की उपसणारी, ते काही मला तिथे कळलं नाही.

आर्णीहून महागावला एसटी, पुढे फुलसावंगीपर्यंत काळी-पिवळी जीप. जीप भरल्याशिवाय हलत नाही आणि रस्त्यानं कंबरेचा पार भुगा केला. शामरावकाका म्हणजे साठी ओलांडलेला, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला शेतकरी माणूस. त्यांचे आजोबाही जिनमालक होते, हे ऐकून मी लगेच फोनचा कॅमेरा उघडला. काका मला कापसातून चालवत थेट विहिरीवर घेऊन गेले आणि गंजलेल्या लोखंडाच्या धुडाकडे बोट दाखवलं. "हे पाहा मोटार!"

मला रडूच यायचं बाकी होतं. "अहो काका, मी गाडी बघायला आले. माणसं बसतात ती."

"हाव ना! त्याच गाडीची मोटार होये हे. गाडी बिघडली, सामान काही भेटे ना. मंग माह्या आज्यानं इंजिन काहाडलं अन् विहिरीवर बसवलं. कैक वर्सं पानी उपसलं त्यानं."

"आणि गाडी?"

"तिले बैल जुंपले."

मला वाटलं माझीच ऐकण्यात चूक झाली. दोनदा विचारलं. बैलच. मग भीतभीत आबांचं नाव घेतलं. "गणपत? माहा बाप लय सांगे त्याच्याबद्दल. कोनाचंबी लग्न असलं का नवरदेवाले त्या गाडीत बसवून गणपतच आने."

दांड्याचं विचारलं आणि उगीच विचारलं असं झालं. घरी जेवताना काका म्हणाले, गाडी दांड्यानंच वळायची. त्यांच्या पत्नी कमलकाकू भाकरी थापता थापता कडाडल्या, "कायले काहीबी सांगता? थो दांडा बैल जुंपाले लावला होता!"

"तू पाह्यली होती का गाडी?"

"तुमी तरी कुठी पाह्यली?"

गाडी त्या दोघांच्याही जन्माआधीच भंगारात गेली होती. ठेचा मात्र असा जबरदस्त की मी वाद विसरून तिसरी भाकरी घेतली. मित्राला इंजिनाचे फोटो पाठवले. त्यावरची नावाची पट्टी निघून गेलेली, त्यामुळे कोणत्या कंपनीचं ते त्यालाही सांगता येईना. दुर्मिळ गाडीचा इतिहास शोधायला गेले आणि ती मुळात गाडी होती की खटारा, तेही मला धड सांगता येईना.

परत येताना सगळा वेळ एकच धास्ती होती, आईला काय सांगू? घरी आल्यावर पिशवी खाली ठेवली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. गाडी होती, आबाही होते, पण पुढे बैल होते. म्हणजे त्यांनी मोटार चालवली नव्हती गं, आई.

आईनं माझी पिशवी उचलून बाजूला ठेवली. मग हळूच म्हणाली, "आबा 'चालवली' म्हनतच नव्हता. 'म्या मालकाची मोटार हाकली,' असंच म्हने. हाकली! 'चालवली' तं तुह्या मामानं केलं, अन् आमी सगळे हासलो." तिचे डोळे भरून आले होते. तशीच उठून तिनं मामाला फोन लावला आणि त्याला बोलूच न देता सगळं ऐकवलं, हाकली हा शब्द तर चार वेळा.

मग आईनं फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळली.

"अवं, थो रडून राह्यला. विचारते, बैलं कोन्ते होते?"

नेमकं तेच मी विचारलं नव्हतं.