बारुदीचा वास

कारगिलची लढाई हून चार-पाच वर्षं झाली आसतील. माझ्या भाचीला दौंडकडचं स्थळ आलं. आलं कसलं, मीच आणलं. पोरगा फौजी, रजेवर आलेला, छातीवर वीरचक्र. कपड्याला उग्र वास यायचा. इचारलं तर म्हणला, बारुदीचा हाय, धुवून जात न्हाई. मी ऊर भरून हुंगला. आमच्या मांडवगणच्या नाकाला कांदा आन् शेण सोडून काय कळतंय? कुरकुंभच्या एमआयडीसीवरनं गेलेलं शेंबड्या पोरानंबी तो वास वळखला आसता.

सुपारी फुटली आन् मला चढलं. दौंडच्या चौकात फ्लेक्स लावला. वर ह्यो वर्दीत, चक्रासकट. खाली मी, हात जोडून, मोबाईल नंबर मोठ्ठा. मला वाचता येत न्हाई, पण माझं थोबाड मला वळखू येतं.

त्याच चौकातनं कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीची बस जाती. बसमधल्यांनी बघितलं तर त्यांच्या गेटवरचा वॉचमन फौजी झालेला. त्यांच्यातला एक खरा रिटायर फौजी तडक ठाण्यात गेला. पोलिसांनी फ्लेक्सवरचा नंबर लावला. वाजला माझा.

ठाण्यात बोलावून साहेबांनी कलम सांगितलं. फौजेत नसताना लोकांस्नी फसवायला वर्दी-बिल्ला घातला, तर तीन म्हयन्यांपत्तुर आत, न्हाईतर पाचशेपत्तुर दंड. एवढंच? आमच्या फ्लेक्सलाच जास्त लागलं हुतं. मी इचारलं, "आन् त्याच्याखाली हात जोडणाऱ्याला काय, साहेब?"

"येडेपणाला कलम नसतं, मामा."

त्या भामट्यानं कोर्टात कबूल केलं, दंड भरला आन् सरळ आमच्या वट्यावर येऊन बसला. लाज नावाची चीज न्हाई. म्हणला, मिटलं आता, तारीख कवा धरायची? आन् मी त्याच्यापरीस हलका. सुपारी मोडली तर भावकी हसंल, म्हणून आत च्या टाकायला सांगितला.

च्या आला न्हाई. भाची आली.

"वॉचमन म्हणून आला आसता तर म्या व्हय म्हणले आसते," ती त्याला म्हणली. "आता उठा."

मग माझ्याकडं वळली. "मामा, तो फ्लेक्स तुम्हीच उतरवायचा. दुसऱ्याला कामाला लावू नका."

भरदुपारी चौकात शिडीवर चढलो. खालनं कुणीतरी कडक सलाम ठोकला. मी वरनं हात जोडले, सवयच ती.

फ्लेक्स वाया गेला न्हाई. कांद्याच्या ढिगावर टाकला. त्या भामट्याचं तोंड दुमडून आत घातलं. ऊन-पावसाला माझंच वर हाय.