परभणी, दुपारी दोन ते चार

परभणीला निघालो तेव्हा माझ्याइतका प्रामाणिक माणूस मनमाडच्या फलाटावर दुसरा नव्हता. हे मी छापील पुराव्यानिशी सांगतो. आदल्याच आठवड्यात आमच्या अमेरिकन कंपनीनं मुंबईतल्या एका हॉटेलात आम्हा विक्रेत्यांना तीन दिवस सचोटीचे धडे दिले होते. साहेबांच्या देशात कायदा निघाला होता म्हणे : परदेशात लाच द्याल तर मायदेशी खटला. आता त्यांचा परदेश म्हणजे आपलं घर, हे तीन दिवसांत कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. शेवटी लेखी परीक्षा झाली, त्यात मी पहिला आलो आणि बक्षीस म्हणून पेन मिळालं. घरी दाखवलं तर बायको म्हणाली, "भेटवस्तू घ्यायची नाही हे पाठ केलंत म्हणून भेटवस्तू?"

खिशात मावेल असं एक कार्डही मिळालं होतं. आपल्या मालाचा निर्णय ज्याच्या हाती आहे त्याच्याकडून पाण्याचा घोटही घेऊ नये, असं त्यावर इंग्रजीत छापलेलं. पहिल्या दिवशी मी हात वर करून विचारलं होतं की, आपले गावोगावचे प्रतिनिधी एवढं कमिशन घेतात, ते पुढं कुठं जातं? साहेब म्हणाले, उत्तम प्रश्न, उद्या घेऊ. दुसऱ्या दिवशी जेवण इतकं उत्तम होतं की प्रश्न मीच विसरलो.

मनमाडला छोट्या गाडीत (मीटरगेज) बसलो आणि सकाळी परभणीला उतरलो. वैशाखाचं ऊन आठ वाजताच कामावर हजर होतं. स्टेशनाबाहेरच्या भिंतीवर विद्यापीठाच्या नामांतराची घोषणा होती. तिच्यावर कुणी चुना फासलेला, आणि चुन्यावर पुन्हा तीच घोषणा, आधीपेक्षा मोठ्या अक्षरात.

आमचे इथले प्रतिनिधी भैयासाहेब जीप घेऊन आले होते. पांढरेशुभ्र कपडे, अत्तराचा वास. "या मुंबईकर, गाडी तयार हाय!"

स्वतःच्याच प्रतिनिधीची जीप चालते की नाही, हे कार्डावर नव्हतं. पहिला आलेल्या माणसानं धोका कशाला पत्करावा? मी म्हणालो, "मी एसटीनं येतो."

"जशी मर्जी," भैयासाहेब म्हणाले. मी मानवतच्या एसटीत उभा, आणि मागच्या काचेतून पाहतो तर जीप आमच्या मागं मागं. बस थांबली की जीप थांबे. वाटेत चहाच्या टपरीपाशी खाली उतरलो तेव्हा मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, "गाडी बंद पडली तं उन्हात कुठं जाताव तुमी?" काळ्या रानांत नुसत्या पऱ्हाट्या (वेचून झालेल्या कापसाची वाळकी झाडं) उभ्या होत्या. सावली म्हणाल तर त्या जीपचीच.

गिरणीचं नाव सांगत नाही. पेडगावच्या पुढं नवी सहकारी सूतगिरणी निघाली होती. हवा कोरडी असली की सूत तुटतं, म्हणून हवेत ओलावा सोडणारं आमचं यंत्र तिथं चाचणीसाठी लावलं होतं. यंत्र पास झालं की मोठी ऑर्डर. चाचणीच्या कागदावर दोन सह्या लागत : गिरणीचा तपासनीस वाव्हळे याची आणि माझी.

जवळच्या खानावळीत भाकरी आणि येसराची आमटी (भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची) जेवलो. एका घोटात नाक, डोळे आणि घमेंड तिन्ही वाहायला लागली. मग गिरणीत गेलो. वाव्हळे पंचविशीतला, सडसडीत, खिशात छोटी वही. एक वाजता ओलावा मोजणारा काटा ठीक होता. दोन वाजता तो खाली सरकायला लागला. तीनला मला काट्याकडं बघवेना. एकामागून एक धागे तटतट तुटत होते आणि ते जोडायला बाया एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पळत होत्या.

"साहेब, रोज दोन ते चार हे असंच दम टाकतंय," वाव्हळे म्हणाला. "सकाळी लय झकास. फक्त आमच्याकडं दुपार बी असतीय."

दुसऱ्या दिवशी भैयासाहेबांनी टाईप केलेला तक्ता माझ्यापुढं ठेवला. त्यात सकाळ होती, संध्याकाळ होती. दुपार नव्हतीच. वाव्हळेनं सही केली नव्हती. भैयासाहेब बाजूला वळले तसा तो हळूच म्हणाला, "साहेब, जाताना घरी या. इथं बोलता येत न्हाई."

त्याचं घर पेडगावात, बौद्धवाड्यात. दोन खोल्या, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध. त्याच्या आईनं लख्ख घासलेल्या तांब्यातून पाणी आणलं, मागोमाग चहा. कप नवा होता. तळाला चिकटवलेली चिठ्ठी अजून निघाली नव्हती.

आणि मी, परीक्षेत पहिला आलेला मी, म्हणालो, "नको. मी काही घेत नाही."

बाई तांब्या खाली ठेवत म्हणाल्या, "आसू द्या. आमच्या घरचं पानी नको म्हननारे तुमी काय पैले न्हाईत."

माझ्या काय ध्यानात आलं ते सांगायला नको. मी गडबडीनं खिशातून कार्ड काढलं. वाव्हळेनं ते वाचलं आणि आईला समजावलं. ती माऊली माझ्याकडं नीट बघत म्हणाली, "कंपनीनं शिकीवलं व्हय? आमाला वाटलं, तुमच्या आईनं."

"आये!" वाव्हळे ओरडला, पण हसू त्याला आवरेना. मी कप उचलला.

"आता ऱ्हाऊ द्या की. कागदात बसंना तं नका पिऊ."

"बसवतो," मी म्हणालो आणि एका दमात प्यायलो. जीभ अशी भाजली की पुढची दहा मिनिटं नुसतं ऐकूनच घ्यावं लागलं, आणि ते बरंच झालं.

वाव्हळेची नोकरी अजून कच्ची होती. वर्षभरात कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. तो म्हणाला, "खोट्या तक्त्यावर सही करवत न्हाई. आन् एकट्यानं नाकारली तं म्हनतील, ह्यानं पैसे मागितले, मिळाले न्हाईत म्हनून यंत्र अडवलं. आमच्याबद्दल हे लगेच खरं वाटतंय लोकांना. भैयासाहेबांचं कमिशन कुठवर पोचलंय ते सगळ्यांना ठावं हाय, पर त्याचं नाव कमिशन. तुमी फक्त खरं ते लिहा."

मी शूरासारखा म्हणालो, "मुंबईला विचारतो."

दुसऱ्या दिवशी परभणीच्या पोस्टातून ट्रंक कॉल लावला. आवाज इतका बारीक येत होता की मला ओरडावं लागलं. "यंत्र दुपारी चालत नाही! सही करू का?" रांगेतलं सगळं पोस्ट माझ्याकडं बघायला लागलं.

आमचे साहेब तिकडून म्हणाले, "तुम्ही कुणाकडून काही घेतलं?"

"एक कप चहा!"

"ते कुठं बोलू नका. बाकी काही नाही ना? मग आपले हात स्वच्छ आहेत. सही करून या."

फोन ठेवला. रांगेतले एक फेटेवाले आजोबा म्हणाले, "साहेब, यंत्र चालत न्हाई तं सही कशाची करताव?" तीन दिवसांच्या धड्यांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

गिरणीत गेलो आणि तक्ता घेतला. फाडला वगैरे नाही. माझ्याकडून तेवढ्याची अपेक्षा घरच्यांनीही ठेवू नये. खाली फक्त एक ओळ लिहिली : 'दुपारी दोन ते चारचे आकडे या तक्त्यात नाहीत, त्या वेळी काटा उतरताना मी स्वतः पाहिला.' आणि सही केली. माझ्या ओळीखाली वाव्हळेनं दुपारचे आकडे लिहिले आणि त्याची सही केली. आता त्याला एकट्याला धरणं अवघड होतं.

भैयासाहेबांनी कागद वाचला, घडी घातली. रागावले नाहीत. स्टेशनवर मला जीपनंच सोडलं, आणि या खेपेला मी बसलो. वाटेत म्हणाले, "साहेब, ह्यातलं माझ्या हातात किती उरतंय, कधी इचारलं का? कंपनीला रस्ता पायजे, रस्त्याचं नाव नको. म्हनून मी हाय." गाडी सुटताना त्यांनी खिडकीतून केळी आत ढकलली. "खा, उपाशी जाऊ नका." मी खाल्ली.

घरी आल्यावर बायकोनं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे एक ओळ लिहिलीत?"

"एक ओळ."

"बरं केलंत," ती म्हणाली, आणि ताट वाढता वाढता, "पुरेल का हो?"

पुरली, आणि नाहीही. त्या ओळीमुळं ऑर्डर अडली. मग कंपनीनं माझ्याऐवजी दुसरा माणूस पाठवून पुन्हा चाचणी घेतली, श्रावणात. श्रावणात परभणीच्या हवेला ओलावा द्यायला यंत्र कशाला लागतं? काटा दिवसभर हलला नाही. आकडे खरेच होते, वाव्हळेनं खरी सही केली. ऑर्डर झाली. कमिशन जिथं पोचायचं तिथं पोचलं असणार. पुढच्या धड्यांत ते यशस्वी व्यवहाराचं उदाहरण म्हणून सांगितलं गेलं. मी तिसऱ्या रांगेत बसून ऐकलं.

पुढच्या वैशाखात वाव्हळेचं पोस्टकार्ड आलं. 'सप्रेम जयभीम. मी कायम झालो. आई तुमची आठवण काढते. आपलं यंत्र सुरू आहे. दुपारी दोन ते चार आम्ही खिडक्यांना ओली पोती बांधतो, त्यानं सूत टिकतं. पोत्यांवर पाणी मारायला बाया जेवणाच्या सुट्टीतून पाळीपाळीनं उठतात.'

मी लगेच उत्तर लिहायला बसलो. अभिनंदन लिहिलं, आईंना नमस्कार लिहिला. पाणी मारणाऱ्या बायांना काय लिहावं, ते मला अजून सुचलेलं नाही.