नळी बदलू का?

वडनेरच्या माझ्या शेतशेजाऱ्याकडे आजोबांची जुनी लष्करी रायफल आहे, लायसनसकट. नळी मात्र आतून गंजून पार कामातून गेलेली. रानडुकरं दरसाल माझा मका आडवा करतात आणि हा शेताच्या धुऱ्यावर बसून, तंबाखू मळत, एकच विचारतो, "नळी बदलू का राहू देऊ बे? आज्याचा हात लागेल हाये तिले."

यंदा दसऱ्याला त्याच्या घरी गेलो, तर पाटावर रायफल उभी करून हा पळीपळीनं नळीत पंचामृत ओतत होता. माझं डोकंच सणकलं.

"म्हणून गंजली होय! गाढवा, नवी नळी आणली तरी हेच करशीन?"

"मंग!" पळीतलं उरलेलं माझ्या हातावर घालत तो म्हणाला, "नवीले काय उपाशी ठेवू?"