आयेचा उंट

माझी सासू कुणालाही ‘कशाला आलास’ असं विचारत नसे. दारात माणूस येवो, कुत्रा येवो की वाट चुकलेली म्हैस, तिचा प्रश्न एकच, “पेज खातलंस?” आणि उत्तर यायच्या आत ती चुलीकडे वळलेली असे. सगळी वाडी तिला आये म्हणायची, मीही आयेच म्हणायची. मी सोलापूरकडची. सातवीत शाळा सुटलेली, लग्नापर्यंत समुद्र न पाहिलेली. नवरा आमच्याकडच्या साखर कारखान्यात फिटर होता. ती नोकरी सुटली आणि तो मला घेऊन तारकर्लीला आपल्या घरी परतला. माडांची बाग, भाजीचा तुकडा आणि एक होडी, एवढा संसार. भाषा कळेना, मासा घशाखाली उतरेना. पहिल्या दिवशी ओसरीवर अंग चोरून उभी होते, तेव्हा आयेने मलाही पेजच विचारली.

पुढच्या उन्हाळ्यात तिने ती एका उंटाला विचारली.

गोव्याच्या किनाऱ्यावर मुलांना उंटावर बसवणारा एक राजस्थानी माणूस वाळूवाळूने चालत आला होता. गावाकडे त्याची आई आजारी होती. उंट घेऊन चालत जायचं तर महिने लागणार, आणि उंटाला काही एसटीत घेत नाहीत. तो हिंदीत रडत होता, आये मालवणीत समजूत घालत होती. शेवटी ती म्हणाली, “ठेव हय. दिवाळीक ये. होतो तसो परत दितंय.” तो तिच्या पाया पडून गेला. उंट घमेलंभर पेज प्यायला आणि पाहुणा म्हणून त्याचं नाव पावणो पडलं.

बागेला पाणी काढणाऱ्या रहाटाचा बैल नुकताच मेला होता, म्हणून आयेने पावण्याला रहाटाला लावायचं ठरवलं. नवऱ्याने जुन्या जाळ्याची गादी करून दोर बांधले. पावण्याने दोन फेरे नीट घेतले. तिसऱ्याला थांबला, मान लांब केली आणि कुंपणापलीकडचा पडवळाचा वेल मांडवावरून ओढून खाल्ला. आये ज्यांना भावजी म्हणायची ते शेजारी धावत आले.

“वयनी, सून हाडलंस ती देशावरची, आता ह्यो उंट! उद्या हत्ती हाडतलंस काय गो?”

“हाडतलंय भावजी. तुमची वरात काढूक होयो मा!”

आषाढात मात्र हसू संपलं. पावण्याच्या अंगावर खरजेचे चट्टे उठले. त्याला बांधायच्या मांगराची, म्हणजे गोठ्याची, जमीन ओलीगच्च, त्यात त्याचे पाय चिघळले. त्याने पाला सोडला, पेजही सोडली. गुरांचे डॉक्टर येऊन म्हणाले, “घाटावर पाठवा. इथल्या पावसात हा जगायचा नाही.” पण चार पावलं न चालणारं जनावर घाट कसं चढणार? विहिरीवर बायका बोलत होत्या, “सुक्या देशातलो तो, हय कसो जगतलो?” मी कळशी अर्धीच भरून घरी आले. सुक्या देशातली मीही होते. त्या दिवसापासून उठल्याबरोबर आधी मांगरात डोकावायचे, त्याची मान वर आहे ना बघायला. तो टिकला तर मी टिकेन, असं मनाने घेतलं होतं. हे बोलले कुणालाच नाही.

आवारात खणखणीत सुकी जागा एकच होती, होडीची खोप. वर माडाच्या झापांचं दाट छप्पर, खाली कोरडी वाळू. एका सकाळी आये मुलाला म्हणाली, “होडी भायर काढ. पावण्याक थंय हाडूया.”

नवरा भडकला. “होडी पावसात आणि उंट सुक्यात? आये, तुका येड लागला काय?”

“होडी पाण्याक भिता काय रे?”

पावसाच्या पाण्याने लाकूड कुजतं हे तिला त्याच्याहून जास्त ठाऊक होतं. तरी नवऱ्याने होडीला खांदा लावला. होडी मांगराच्या पडवीत पालथी घातली, ती अर्धी बाहेरच राहिली, आणि पावण्याला ढकलत खोपीत आणलं. होडीच्या लाकडाला लावायला ठेवलेलं उंडीच्या बियांचं कडू तेल आयेने पावण्याच्या अंगाला लावायला घेतलं. एका बाजूने ती, एका बाजूने मी. त्या जखमा बघून मला रडू फुटलं. ती न बघताच म्हणाली, “रड गो चेडवा, पण हात चलव.”

आठ-दहा दिवस आम्ही तेल चोळलं, ओली झालेली वाळू उपसून सुकी भरली. मग एका सकाळी खोप रिकामी दिसली आणि मी तशीच अंगणात धावले. तेवढ्यात कुंपणापलीकडून भावजींची आरोळी आली, “वयनी! तुझो पावणो उठलो गो! माझी जास्वंद खाता!” इतक्या आनंदाने केलेली तक्रार मी त्यानंतर ऐकलेली नाही.

“खांव दी,” आये म्हणाली आणि घमेलं घेऊन चुलीकडे वळली.

दिवाळीत मालक आला. त्याने उंटाच्या मानेला मिठी मारली, आयेच्या पायांवर डोकं ठेवलं. आयेने सगळा दोष आधीच सांगून टाकला, “जरा बारीक झालोसा. माका बोल लावू नको.” ते दोघे वळणाआड जाईपर्यंत आम्ही सासू-सुना कुंपणाच्या बेड्याशी उभ्या होतो. मी विचारलं, “आये, जगला नसता तर त्या माणसाला काय सांगितलं असतंत?”

“तेका काय, पाय धरून सांगला असता,” ती म्हणाली. मग माझ्या डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, “तुका काय सांगला असता, ह्याच भय होता माका.”

आये जाऊन बरीच वर्षं झाली. मी इथेच आहे.