औषध नव्हे, पथ्य

नथ्थू लूमशेजारी दुसऱ्यांदा कोसळला. कामगारांनी त्याला उचलून दवाखान्यात आणलं, पाठोपाठ मॅनेजर आत.

“डॉक्टरसाहेब, एने फिट आवे छे. अनफिट लखी आपो!”

सत्तरच्या दशकात बमरोलीच्या एका कापडमिलमध्ये मी डॉक्टर होतो. अनफिट लिहिलं की नथ्थूचं काम गेलं. काम गेलं की नवागामची खोली सोडून गावी परत. मॅनेजर टेबलावर बोटं वाजवत उभा. त्याचा राग येत होता, पण नथ्थू का पडतो ते सापडत नव्हतं याचा जास्त.

मागच्या खेपेस नथ्थू साखरपाण्यानं उठला होता. आकडी साखरेनं जात नाही. म्हणजे रक्तातली साखरच उतरत होती. डायबेटिसची गोळी मीच दिलेली, तीही बेताची. तेव्हाच खोदून विचारलं होतं, “दुसरं औषध घेतोस? वैद्याचं? होमिओपॅथी? जडीबुटी?”

“नई साहेब. तुमनी गोयी, बस.”

आजही साखरपाण्यानं तो उठून बसला. तेवढ्यात त्याची बायको धापा टाकत आली. पिशवीतून बाटली काढून त्याच्या तोंडाला लावू लागली. आत हिरवंगार काहीतरी.

“हे काय?”

“कारलाना रस. रोज सकायले देस. आज आर्धाच पिना, म्हनीसन पडना!”

“आणि भाकरी?”

“सकायनी भाकर बंद करेल शे. साखर वाढस ना!”

उपाशीपोटी माझी गोळी, वर कारलं! मी नथ्थूवर ओरडलोच, “दुसरं औषध घेतोस का विचारलं, तेव्हा सांगायला काय झालं होतं?”

ती माझ्यावरच डाफरली. “तुम्ही औसद इचारं. हाई औसद नई, पथ्य शे!”

आमच्या पुस्तकांत कप्पे वेगळे. मुख्य उपचाराच्या जोडीला घेतात ते पूरक, त्याच्याऐवजी घेतात ते पर्यायी. तिच्या हिशेबी दवाखान्यातून येतं ते औषध, चुलीपाशी होतं ते पथ्य. मग नथ्थू खोटं कुठे बोलला?

गोळी अर्धी केली. सकाळची भाकरी सुरू करवली. रस बंद म्हटलं असतं तर चोरून पाजला असता. म्हणून थोडाच, तोही जेवणानंतर. मॅनेजरला ‘फिट’ लिहून कागद दिला.

“फिट? में कह्युं हतुं ने!” आपलंच म्हणणं खरं ठरल्याच्या थाटात तो म्हणाला.

“ती फिट नव्हे हो. कामाला फिट!”

नथ्थू पुन्हा पडला नाही. तेव्हापासून मी रोग्याला औषध विचारत नाही. सकाळपासून पोटात काय काय गेलं, ते विचारतो.

पुढे एकदा नथ्थूची बायको दवाखान्याबाहेर शेजारणीला सांगताना ऐकलं, “कारलाना रसनी साखर ताब्यात शे. डॉक्टरन्या गोया बी देस, जोडीले.”

म्हणजे त्या घरात पूरक उपचार मीच होतो.